तेवीस विरुद्ध तेवीस: जिल्हा परिषदेचा निकाल कसा वाचावा

८ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रातील नागपूर, अकोला, वाशिम, धुळे, नंदुरबार आणि पालघर या सहा जिल्हा परिषदांची मतमोजणी झाली. या सहा परिषदांच्या मिळून ३३२ जागा होत्या. त्यांपैकी नंदुरबारच्या ५६ जागांचा तक्ता असा लागला: काँग्रेस २३, भारतीय जनता पक्ष २३, शिवसेना ७ आणि राष्ट्रवादी काँग्रेस ३. हा तक्ता पाहून मतदाराच्या मनात येणारा पहिला प्रश्न अगदी साधा असतो, तो म्हणजे जिल्हा परिषद कोणाकडे गेली. त्याचे उत्तर मात्र या तक्त्यात नाही आणि ते तिथे असावे अशी कायद्याची रचनाही नाही. मतमोजणीच्या दिवशी सदस्य ठरतात, तर सत्ता त्यानंतर होणाऱ्या सदस्यांच्या सभेत ठरते. या दोन टप्प्यांच्या मध्ये आरक्षण, पक्षादेश (व्हिप), अपक्षांचा पाठिंबा आणि पदांची वाटणी अशा बऱ्याच गोष्टी येतात. जिल्हा परिषदेचा निकाल समजून घेणे म्हणजे बहुतांशी हा मधला भाग समजून घेणे होय.

सुरुवात मतदार कोण आहे यापासून करावी लागते, कारण निकालाचे चुकीचे वाचन बहुधा इथूनच सुरू होते. जिल्हा परिषद ही ग्रामीण भागाची संस्था आहे. महानगरपालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत राहणारा नागरिक जिल्ह्याचा रहिवासी असला तरी जिल्हा परिषदेचा मतदार नसतो. नागपूरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नागपूर महानगरपालिकेच्या १५१ पैकी १०८ जागा भाजपने जिंकल्या होत्या, तर जानेवारी २०२० मध्ये नागपूर जिल्हा परिषदेच्या ५८ पैकी ३० जागा काँग्रेसला, १५ भाजपला आणि १० राष्ट्रवादीला मिळाल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘तीन वर्षांत नागपूरने कौल फिरवला’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. पहिले मतदान शहराचे होते आणि दुसरे काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड यांसारख्या तालुक्यांतील गावांचे होते. जिल्हा परिषदेच्या निकालाची तुलना करायची असेल तर ती आधीच्या जिल्हा परिषदेशीच करावी. तशी तुलना केली तर नागपुरात आधी भाजपकडे असलेली सत्ता काँग्रेसकडे गेली, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

ग्रामीण भागाची विभागणी गटांमध्ये केलेली असते. एका गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडला जातो. प्रत्येक गटाचे दोन गण असतात आणि एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडून येतो. म्हणूनच जिल्ह्यातील सर्व पंचायत समित्यांच्या मिळून जागा जिल्हा परिषदेच्या जागांच्या बरोबर दुप्पट असतात. नंदुरबारमध्ये ५६ गट होते, म्हणजे गण ११२ झाले. मतदार एकाच दिवशी दोन मते देतो, एक गटासाठी आणि दुसरे गणासाठी. ही दोन्ही मते एकाच पक्षाला दिली जातात असे गृहीत धरू नये, कारण गणाचा उमेदवार बहुधा शेजारच्या गावचा आणि ओळखीचा असतो, तर गटात नेत्याचे आणि पक्षाचे वजन अधिक चालते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हाशिवाय होते, परंतु गट आणि गणाची निवडणूक पक्षचिन्हावर लढवली जाते. त्यामुळे गावपातळीच्या राजकारणाचा पक्षनिहाय हिशेब प्रथमच मांडता येतो तो याच निवडणुकीत, आणि राज्यातील पक्ष या निकालांकडे डोळे लावून बसतात त्याचे हेही एक कारण आहे.

एका गटाचा आकार किती असतो? २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तिच्यातील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. ५६ गटांत ही ग्रामीण लोकसंख्या वाटली तर एका गटाच्या वाट्याला सुमारे चोवीस-पंचवीस हजार माणसे येतात. त्यांतील मतदार वेगळे काढले आणि त्यांतही प्रत्यक्ष मतदान करणारे मोजले, तर काही शेकड्यांच्या फरकाने गटाचा निकाल लागणे मुळीच अपवादात्मक राहत नाही.

इथे मते आणि जागा यांतील अंतर लक्षात घ्यावे लागते. समजा, एखाद्या गटात दहा हजार मते पडली आणि चार उमेदवारांना अनुक्रमे ३,४००, ३,१००, २,२०० आणि १,३०० मते मिळाली. पहिला उमेदवार निवडून आला, पण तीनपैकी दोन मतदारांनी त्याला मत दिलेले नाही. अशा चौरंगी लढती जिल्हाभर झाल्या, तर मतांमध्ये थोडीशी आघाडी असलेला पक्ष जागांमध्ये फार पुढे गेलेला दिसू शकतो. धुळ्यात २०२० मध्ये ५६ पैकी ३९ जागा भाजपला मिळाल्या, म्हणजे जागांपैकी सुमारे सत्तर टक्के. परंतु त्यावरून सत्तर टक्के मतदार भाजपबरोबर होते असा निष्कर्ष काढता येत नाही. पक्षनिहाय मतांची बेरीज न पाहता केवळ जागांवरून लाट ठरवणे हे उतावळेपणाचे आहे. दुर्दैवाने मतमोजणीच्या दिवशी सर्वांच्या हाती जागांचा आकडा असतो आणि मतांच्या बेरजेकडे नंतर कोणी फारसे वळत नाही.

धुळ्याच्या निकालाचा आणखी एक पैलू आहे. शिरपूर तालुक्यावर दीर्घकाळ प्रभाव असलेले काँग्रेसचे नेते अमरीशभाई पटेल २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये गेले. शेजारच्या नंदुरबारमध्ये काँग्रेसचे चंद्रकांत रघुवंशी त्याच सुमारास शिवसेनेत गेले होते. त्याआधी २०१४ मध्ये विजयकुमार गावित राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले होते आणि त्यांच्या कन्या हीना गावित त्या वर्षी भाजपच्या उमेदवारीवर खासदार झाल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या तक्त्यात एखाद्या पक्षाच्या जागा अचानक वाढलेल्या दिसतात तेव्हा मतदारांचे मत बदलले आहे की नेत्याचे चिन्ह बदलले आहे, हे आधी तपासून पाहावे. साखर कारखाना, सूतगिरणी, शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँक यांच्याभोवती बांधलेला कार्यकर्त्यांचा संच नेत्याबरोबर पक्ष ओलांडून जातो. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातील पक्षनिहाय आकडेवारी वाचताना एवढी दुसरी कोणतीही खबरदारी महत्त्वाची नाही.

आता मधल्या भागाकडे वळू. सरपंच थेट लोकांमधून निवडला जाण्याची पद्धत महाराष्ट्रात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाबाबत असा काही प्रश्न उद्भवतच नाही, कारण राज्यघटनेच्या २४३-ग अनुच्छेदानुसार जिल्हा पातळीवरील पंचायतीचा अध्यक्ष तिच्या निवडून आलेल्या सदस्यांनी, आपल्यामधूनच निवडायचा असतो. पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध म्हणून जिल्हा परिषदेत बसतात, पण अध्यक्षाच्या निवडीच्या गणितात त्यांना धरायचे नसते. नंदुरबारचे गणित म्हणूनच ५६ चेच होते आणि निर्विवाद बहुमताचा आकडा २९ होता. काँग्रेस आणि भाजप दोघेही या आकड्यापासून सहा जागा दूर होते. राष्ट्रवादीच्या तीन जागांनी कोणाचेही काम भागणार नव्हते; शिवसेनेच्या सात जागा ज्या बाजूला जातील ती बाजू तिसावर पोहोचणार होती. राज्यात दीडेक महिन्यापूर्वीच शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे महाविकास आघाडीचे सरकार आले होते. नंदुरबारमध्ये काँग्रेसच्या सीमा वळवी अध्यक्ष झाल्या आणि उपाध्यक्षपद शिवसेनेचे राम रघुवंशी यांच्याकडे गेले. सर्वांत लहान नव्हे, पण तक्त्यात पहिल्या दोघांच्या एक-तृतीयांशही नसलेल्या पक्षाला दुसऱ्या क्रमांकाचे पद मिळाले, याचे स्पष्टीकरण त्या सात जागांच्या संख्येत नाही. त्या नेमक्या जिथे कमी पडत होत्या तिथे उपलब्ध होत्या, हे ते स्पष्टीकरण आहे.

अकोल्याचे गणित याहून वेगळे होते. तिथे ५३ जागा होत्या आणि प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील वंचित बहुजन आघाडी सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण बहुमताच्या २७ या आकड्यापासून ती दूर राहिली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत भाजपचे सात सदस्य मतदानापासून दूर राहिले. ५३ मधून सात वजा झाले की ४६ उरतात आणि ४६ मध्ये २४ मते पुरेशी होतात, म्हणजे गैरहजेरीनेच बहुमताची पायरी तीन पावले खाली आली आणि वंचितचा अध्यक्ष झाला. कोणी कोणाला पाठिंबा दिला असे यात दिसत नाही, कोणी कोणाशी युती केली असेही म्हणता येत नाही, तरीही सत्तेचा निर्णय मात्र झाला. सभेला कोण हजर होते हे म्हणूनच कोणी कोणाला मत दिले याइतकेच बारकाईने पाहावे लागते. मतदान हात उंचावून होते, त्यामुळे कोणाचा हात कुठे गेला हे लपत नाही. समान मते पडली तर चिठ्ठी काढून निर्णय होतो. तक्ता काठावरचा असेल तेव्हा निकाल आणि सभा यांच्या मधल्या दिवसांत सदस्यांना ‘सहली’ला नेले जाते, त्यामागचे कारणही हेच आहे.

अध्यक्षपद मिळवण्यासाठी संख्या आवश्यक असली तरी पुरेशी नसते. हे पद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग आणि सर्वसाधारण अशा प्रवर्गांमध्ये फिरते असते, त्यांतील निम्मी पदे महिलांसाठी राखीव असतात आणि कोणत्या जिल्ह्याला कोणते आरक्षण येणार हे राज्यपातळीवर सोडतीने ठरते. त्यामुळे स्पष्ट बहुमत असलेल्या पक्षाकडे त्या प्रवर्गातील एकच सदस्य असू शकतो, आणि मग तीस-पस्तीस सदस्यांच्या पक्षात अध्यक्षपदासाठी निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. क्वचित असा एकही सदस्य नसतो आणि बहुमत हाती असूनही दुसऱ्या पक्षातील किंवा अपक्ष सदस्याला पुढे करावे लागते. सोडत आधी निघाली असेल तर पक्ष उमेदवारी देतानाच याची तजवीज करतात. कोणत्या गटात कोणाला उमेदवारी मिळाली याचे कोडे अनेकदा अध्यक्षपदाच्या आरक्षणाकडे पाहिले की सुटते.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्याखेरीज चार विषय समित्यांची सभापतिपदे असतात. समाजकल्याण समितीचे सभापतिपद अनुसूचित जाती-जमातींच्या सदस्याकडे आणि महिला व बालकल्याण समितीचे सभापतिपद महिला सदस्याकडे जाते. उरलेल्या दोघांकडे बांधकाम, अर्थ, शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन यांपैकी विषय सोपवले जातात. म्हणजे वाटण्यासाठी एकूण सहा पदे हाती असतात आणि आघाडीची बोलणी प्रत्यक्षात याच सहा पदांभोवती होतात. बांधकाम आणि अर्थ या खात्यांसाठी होणारी ओढाताण पाहिली की जिल्हा परिषदेला लोक ‘मिनी मंत्रालय’ का म्हणतात ते समजते. रस्त्यांची कामे, शाळाखोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या निधीवर बोलण्याचा अधिकार तिथे मिळतो, जरी कारभाराची सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची असली तरी.

निवडून आल्यावर सदस्य दुसऱ्या पक्षात गेला तर काय होते? महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा स्वतंत्र कायदा आहे आणि तो जिल्हा परिषदेला लागू आहे. सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षादेशाच्या विरुद्ध मत दिले अथवा पक्षादेश असूनही मतदान टाळले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. अकोल्यात दूर राहणे हा भाजपचा एकत्रित पवित्रा होता, म्हणून ते पक्षादेशाच्या कचाट्यात सापडले नाहीत. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात दाखल झाला तरी तो अपात्र ठरू शकतो. म्हणूनच अपक्ष ‘पाठिंबा देतात’, ‘प्रवेश करत नाहीत’. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते. तिथून पुढे अपील आणि न्यायालय असा मार्ग असल्याने प्रकरण लांबते, आणि तोवर ज्या पदासाठी बंड झाले ते पद बंडखोराने उपभोगलेलेही असते. कायदा आहे, पण पळवाटेपेक्षा विलंबच त्याला अधिक निष्प्रभ करतो, असे माझे मत आहे.

अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची असते, सदस्यांची पाच वर्षांची. हा फरक फार महत्त्वाचा आहे. अध्यक्षाला मध्येच हटवायचे असेल तर अविश्वास ठरावासाठी साध्या बहुमतापेक्षा मोठे बहुमत लागते, पण अडीच वर्षे संपली की तीच सत्ता साध्या बहुमताने पुन्हा मांडता येते. म्हणजे एकाच निकालातून दोन वेळा सत्ता ठरते.

नंदुरबारमध्ये तर त्याआधी तक्ताच बदलला. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर निर्णय दिला. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण ठरवण्यासाठी मागासलेपणाची अनुभवाधारित माहिती हाती हवी, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाच्या परिणामी इतर मागासवर्गीयांसाठी राखीव असलेल्या जागांवरील निवडी टिकल्या नाहीत. या सहाही जिल्हा परिषदांतील अशा ८५ जागा रिकाम्या झाल्या. करोनाच्या साथीमुळे पोटनिवडणूक लांबली आणि ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. नंदुरबारमध्ये ११, धुळ्यात १५, अकोल्यात १४, वाशिममध्ये १४, नागपुरात १६ आणि पालघरमध्ये १५ जागांवर पुन्हा मतदान झाले. जानेवारी २०२० मध्ये रीतसर निवडून आलेल्या आणि स्वतःचा काही दोष नसलेल्या सदस्यांना पुन्हा लोकांपुढे जावे लागले, तेही आता सर्वसाधारण झालेल्या गटात. नंदुरबारच्या त्या ११ जागांमध्ये भाजपला ४, काँग्रेसला ३, शिवसेनेला ३ आणि राष्ट्रवादीला १ जागा मिळाली. ज्या जिल्हा परिषदेत दोन मोठे पक्ष बरोबरीत होते, तिथे पाचपैकी एक जागा नव्याने भरली गेल्यावर मूळचा २३-२३ हा आकडा केवळ इतिहास म्हणून उरला.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि चंद्रकांत रघुवंशी एकनाथ शिंदे यांच्या बाजूने गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपदाची दुसरी निवडणूक झाली तेव्हा भाजपच्या सुप्रिया गावित अध्यक्ष झाल्या. भाजपने २९ जागा कोणत्याही मतदानात जिंकलेल्या नव्हत्या. दुसऱ्या बाजूच्या सदस्यांवाचून हे पद मिळणे शक्य नव्हते. सदस्य बहुतांश तेच, मतदारांनी दिलेली मतेही तीच, पण पहिल्या अडीच वर्षांत काँग्रेसचा अध्यक्ष आणि दुसऱ्या वेळी भाजपचा. मग २०२० च्या निकालात नंदुरबारने कोणाला निवडले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत.

जिल्हा परिषदेच्या निकालाचा एक दूरचा परिणाम सहसा बातम्यांत येत नाही. विधान परिषदेच्या २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघातून भरल्या जातात आणि जिल्हा परिषद सदस्य त्यांचे मतदार असतात. २०२१ च्या अखेरीस धुळे-नंदुरबार मतदारसंघातून अमरीशभाई पटेल बिनविरोध निवडून आले, त्यामागे धुळे जिल्हा परिषदेतील भाजपच्या संख्येचे बळ होते हे उघड आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१७ मध्ये निवडून आलेल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षणाचा व गटरचनेचा वाद न्यायालयात असल्याने वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत. तिथे प्रशासक आले. मतदार असलेले सदस्यच नाहीत म्हणून विधान परिषदेच्या त्या भागांतील जागाही मुदत संपल्यावर रिकाम्या राहू लागल्या. या रखडलेल्या निवडणुका घ्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला. मधल्या तीनहून अधिक वर्षांत शाळाखोलीचा प्रस्ताव मंजूर करणारी सही प्रशासकाची होती आणि गावकऱ्याला आपल्या गटाचा सदस्य म्हणून ज्याच्याकडे जाता येईल असे कोणीच नव्हते.